मिठाच्या पाण्यातला फासा

रिपोर्ट मिळाला तो दिवस शनिवार होता. शनिवारी दुपारी तीन वाजता काटेवाल्याच्या घरी खेळ असायचा, म्हणून काटेवाला सकाळीच दवाखान्यात जाऊन आला. बायकोला म्हणाला, "तू कशाला येतेस? नुसता कागद तर आणायचाय." ती म्हणाली, "मग येताना दोन पेन्सिली आणा. मऊ नकोत, मागच्या वेळी आणल्यात तशा." त्याने पेन्सिली आधी घेतल्या आणि कागद नंतर. उलट झालं असतं तर पेन्सिली राहूनच गेल्या असत्या.

डॉक्टरीण वयाने लहान होती. तिने दार लोटलं, त्याला खुर्चीवर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. दुखणं यकृतापर्यंत गेलंय. चार महिने, फार तर पाच.

"त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो," काटेवाला म्हणाला.

हे त्याचं पहिलं खोटं. त्या वेळी ते खोटं आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. तीस वर्षं तेच काम. दुकानदार काटा घेऊन यायचा, हा तो खोलायचा, झिजलेली धार घासून काढायचा, दोन्ही पारडी समान होईपर्यंत उठायचा नाही. काटा खरा झाला की त्याच्या अंगातल्या भोकात शिशाची गोळी ठोकायची आणि त्या गोळीवर तपासनीस सरकारी शिक्का मारायचा. गोळीला कुणी हात लावला की लगेच दिसतं. त्याच्या हातून गेलेला एकही काटा तपासनिसाने परत पाठवला नव्हता, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

दवाखान्यातून तो घरी गेला नाही, केमिस्टकडे गेला. केमिस्टचं औषधांचं दुकान कोपऱ्यावर होतं आणि तो काटेवाल्याचा शाळेपासूनचा मित्र. कसलंही अक्षर लागायचं त्याला. त्याने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, त्याला त्याने पोटाचं दिलं आणि परत बोलावून बदलून दिलं.

"वहिनींना सांगितलंस?"

"नाही अजून."

"आज नको सांगूस. आज शनिवार आहे."

"मग कधी?"

"बघू. माणूस धीर सोडतो रे. मी रोज बघतो ना इथं. कळलं की महिन्यात आटपतात. न कळलेले वर्ष वर्ष काढतात."

काटेवाल्याला हेच ऐकायचं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी मित्राने दिलेली, म्हणजे ओंडकाच. दोघांनी काउंटरवर ठरवलं की तिला म्हणायचं यकृताला सूज आहे, औषधाने उतरेल. ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आता खेळाबद्दल सांगायला हवं. चौघं टेबलाभोवती बसायची. केमिस्टने गोष्ट सांगायची, बाकी तिघांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. काटेवाला झाला होता पहारेकरी. त्याची बायको झाली होती नावाडीण. तिची धाकटी बहीण, जिला सगळे धाकटीच म्हणत, ती झाली होती चोर. खेळ तिनेच कुठून तरी शिकून आणला होता, वीस बाजूंच्या दोन हिरव्या फाशांसकट. गोष्टीत कुणी म्हटलं, "मी भिंतीवरून उडी मारते," तर उडी जमली की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचं नाही आणि मारणाऱ्यानेही नाही. ते फासा ठरवणार. आकडा मोठा पडला तर जमली, लहान पडला तर आपटलात. एक पडला तर विचारू नका. फासा टाकायचा तो जुन्या काट्याच्या पितळी पारड्यात, सगळ्यांसमोर. फक्त केमिस्टने गोष्टीतल्या शत्रूंचे, वाऱ्यापाण्याचे फासे टाकायचे ते औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याआड, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते खेळणाऱ्यांना आधी कळता कामा नये. तो पुठ्ठ्याआड काय पडलं ते सांगेल आणि बाकीच्यांनी मानायचं. अकरा वर्षं मानत आले होते.

आणखी एक नियम होता. टेबलावर सगळे तू. एरवी केमिस्ट तिला वहिनी आणि तुम्ही म्हणायचा, ती नवऱ्याला अहो म्हणायची, धाकटी त्याला भावोजी म्हणायची. पारडं टेबलावर आलं की ते सगळं बंद. "अरे पहारेकऱ्या, झोपलास काय दगडा!" असं बायको त्याला फक्त शनिवारीच म्हणू शकायची, आणि ती संधी एकदाही सोडायची नाही.

फासे खरे आहेत की नाही हे बघायचं काम अर्थातच काटेवाल्याचं. ग्लासभर पाण्यात फासा तरंगेपर्यंत मीठ घालायचं आणि बोटाने तो गरगर फिरवून सोडायचा. खरा असेल तर दर वेळी वेगळी बाजू वर येते. एका बाजूला जड असेल तर तीच तीच बाजू वर येते. दोन्ही हिरवे फासे त्याने असे तपासून घेतले होते.

आणि पडलेली प्रत्येक फेक वहीत लिहायचं काम बायकोचं. ती हवामान कार्यालयात नोकरीला होती. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, तापमान बघायचं, वारा बघायचा आणि नोंदवहीत लिहायचं. केमिस्ट तिला वेधशाळा म्हणायचा. "वेधशाळा ऊन म्हणाली ना? छत्री घ्या रे सगळ्यांनी." ती म्हणायची, "अंदाज वरचे लोक सांगतात. मी फक्त झालं ते लिहिते. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही." खेळाची वहीही तिने तशीच आखली होती. तारीख, कोण, आकडा आणि शेवटी शेरा. शेऱ्यात काय लिहिते ते कुणी कधी वाचलं नव्हतं. 'केमिस्टने चहा सांडला' असलं काहीतरी असणार असं सगळे धरून चालले होते. आणि बहुतेक वेळा तसंच असायचं.

त्या शनिवारी नावाडीण पुरात होती. भरलेल्या नावेसकट. केमिस्टने पुठ्ठ्याआड पाण्याचा फासा टाकला. काटेवाला त्याच्या शेजारीच बसायचा, त्याला फासा दिसला. वीस. म्हणजे नाव उलटली, नावाडीण गेली. केमिस्टने फाशाकडे पाहिलं, काटेवाल्याकडे पाहिलं.

"तीन," तो म्हणाला.

काटेवाला पेन्सिलीला टोक करत होता, तो करतच राहिला.

"तीन?" तिने विचारलं.

"तीन, वहिनी. वाचलात तुम्ही."

"तुम्ही?" ती हसली. "टेबलावर तुम्ही कोण आलं? पाहुणे बसलेत का?" आणि तिने वहीत तीन लिहिला.

धाकटीला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, तिथल्या मागच्या खोलीत तिला गाठलं. ती आधी रडली, मग उसळली. "ताईला सांगायचं नाही? ताईला? जी अर्धा मिलिमीटर पाऊस सोडत नाही तिला?" काटेवाला म्हणाला, "तुला शपथ आहे माझी." धाकटी म्हणाली, "तुमच्या शपथेचं काय लोणचं घालू, भावोजी?" पण तोंडात मूग धरून बसली ती बसलीच.

तिसऱ्या शनिवारी बायको म्हणाली, "केमिस्ट, पुठ्ठा काढ."

"का गं? पुढचं कळेल की तुला."

"कळू दे. आता उघड खेळू. मजा नाही येत."

काढावा लागला. त्या दिवशी सगळे फासे उघड्यावर पडले आणि नावाडीण दोनदा बुडता बुडता राहिली. तिच्या गालांवर मात्र रंग आला होता. ती ओरडत होती, टाळ्या पिटत होती. बाकी तिघं मढ्यापाशी बसल्यासारखी बसली होती. काटेवाल्याच्या डोक्यात एकच शिरलं. नावाडीण मेली तर ही धीर सोडेल. केमिस्ट म्हणालाच होता, धीर सोडला की महिन्यात आटपतं. नावाडिणीला मरू द्यायचं नाही. हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील हे त्यालाही कळत होतं. पण माणूस कोंडीत सापडला की असलाच हिशेब करतो आणि तो अगदी बरोबर जुळतो.

सोमवारी आपल्या कारखान्यात त्याने दोनांतला एक फासा घेतला. एरवी तिथल्या टेबलावर दुसऱ्यांचे खोटे काटे खरे व्हायचे. त्याने आधी विचार केला. सारखे वीस पडले तर शेंबडं पोरही ओळखेल. सतरा बरा. सतराच्या बरोबर उलट्या बाजूला चार असतो. म्हणून चारच्या आकड्याच्या खाचेतून बारीक भोक पाडलं, शिशाच्या शिक्क्याच्या गोळीतून मोहरीएवढा तुकडा कातरला आणि आत बसवला. मग सतराच्या खाचेतून तेवढ्याच वजनाचं पोखरून काढलं, म्हणजे हातात घेतल्यावर फासा जड लागू नये. सोनाराच्या काट्यावर टाकून पाहिला. पूर्वीइतकाच भरला, एक केससुद्धा इकडे तिकडे नाही. मेणाने भोकं बुजवली, वरून पांढरा रंग भरला. त्या रात्री त्याला झोप चांगली लागली, हे तो पुढे कधी कुणाला सांगू शकला नाही.

दुसरा, खरा फासा त्याने शिशाच्या गोळ्यांच्या डब्यात टाकून दिला आणि हरवला म्हणून सांगितलं.

नावाडीण तगली. सतरा पडायचे, दहा पडायचे, सात पडायचा, पुन्हा सतरा. मधेच एखादा तीन पडला की काटेवाला दचकायचा आणि वर त्याला बरंही वाटायचं, संशय नको. फासा एकच उरला म्हणून केमिस्ट आता फासा टाकायचाच नाही, नुसतं संकट आणायचा. तिघांच्याही फेकी त्याच फाशाने, त्यामुळे पहारेकरीही तगला आणि चोरही. गोष्टीत कुणालाच काही होईना. केमिस्टने वादळं आणली, लांडगे आणले, आग लावली. सगळे आपले धडधाकट. केमिस्टला कळायला दोन शनिवार लागले. दुकानात त्याने विचारलं, "तू केलंस?" काटेवाला एका बाटलीवरचं लेबल वाचत राहिला. केमिस्ट म्हणाला, "बरं केलंस."

एका संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, फासा तपासलात का एवढ्यात?"

"तपासला की."

"मिठाच्या पाण्यात?"

"मग काय साखरेच्या?"

ती हसली नाही. "खरा आहे?"

"काट्याइतका," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. बरंच बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि देठं वेगळी करत राहिली.

पुढे एकदा म्हणाली, "कार्यालयात एकदा जाऊन यायचंय. मी रजेवर आल्यापासून माझ्या जागी नवी मुलगी आलीय, तिला पर्जन्यमापक कसा वाचायचा ते धड दाखवलेलं नाही. ती वरून वाचते. डोळा पाण्याच्या बरोबरीला न्यायला लागतो."

"बरी झालीस की जा."

"कधी होईन?"

"सूज उतरली की."

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. त्या दिवशी ती जिना चढू शकली असती. पुढच्या महिन्यात नाही.

बाराव्या शनिवारी धाकटीच्याने राहवेना. खेळ मध्यावर होता. ती एकदम म्हणाली, "ताई, तुला एक सांगू का?" काटेवाल्याने टेबलाखालून लाथ घातली. धाकटीचे डोळे भरले. ताई म्हणाली, "सांग ना." धाकटी म्हणाली, "चोर म्हणतोय त्याला नदीपलीकडे यायचंय." ताई म्हणाली, "ये की मग. नाव कुणाची आहे?"

सोळाव्या शनिवारी खेळ तिच्या अंथरुणाशीच मांडला. ताटलीवर पारडं, पारड्यात फासा. नावाडीण अलीकडच्या काठावर, पाणी चढलेलं, शेवटची फेरी. केमिस्टने हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने फासा उचलला. मूठ केली. बराच वेळ मूठ तशीच. मग फासा परत पारड्यात ठेवला, टाकला नाही.

"आज नको."

"दमलीस का?" काटेवाल्याने विचारलं.

"हो, म्हणा तसं." तिने वही मागितली, पालथं पडून चार ओळी लिहिल्या, वही उशाखाली सरकवली.

मंगळवारी ती गेली.

महिनाभराने केमिस्ट आला. धाकटीला घेऊन आला. तिघं टेबलाशी बसली, चौथी खुर्ची कुणी हलवली नाही. केमिस्ट म्हणाला, "नावाडीण काठावरच राहिलीय रे. तिचं काय झालं ते तरी नीट करू. ती नदीपलीकडे गेली असं लिहू वहीत आणि वही ठेवून देऊ. वहिनींना आवडेल." काटेवाल्याने उशाखालची वही आणली. ती त्याने तोवर उघडली नव्हती. धाकटीने उघडली. मोठ्याने वाचायला लागली आणि वाचायला लागल्यावर थांबता येईना.

शेरे होते ते. पहिल्या शनिवारचा असा. 'पाणी तीन, असे सांगितले. केमिस्टच्या तोंडावर तीन नव्हता. यांनी माझ्या दोन्ही पेन्सिलींना टोके करून दिली, अकरा वर्षांत पहिल्यांदा. रिपोर्ट वाईट असावा.'

दुसऱ्या शनिवारचा. 'आज सांगतील असे वाटले. सांगितले नाही.'

तिसऱ्याचा. 'पुठ्ठा काढायला लावला. फेकी खऱ्या. दोनदा बुडत होते. फार बरे वाटले. बाकीचे रडवेले. सांगितले नाही.'

चौथ्याचा. 'फासा तोच दिसतो. सतरा, दहा, सतरा, सतरा, सात, सतरा.'

मग एका मंगळवारची नोंद, जिथे खेळच नव्हता. 'हे कामावर असताना फासा मिठाच्या पाण्यात सोडला. दहा वेळा. दहाही वेळा सतरा. जोड कुठे दिसत नाही. इतके सुबक काम एकाच माणसाचे. म्हणजे फार दिवस नाहीत.'

धाकटी थांबली. "भावोजी, हे काय आहे?"

"वाच पुढं," काटेवाला म्हणाला.

'विचारले. काट्याइतका खरा म्हणाले. पुन्हा विचारणार नाही.'

मग नुसतंच एकाखाली एक. 'सांगितले नाही.' 'सांगितले नाही.' पाऊस नसला की ती नोंदवहीत शून्य लिहायची, तसं.

बाराव्याचा. 'धाकटी सांगणार होती. टेबलाखाली लाथ बसली. मलाही लागली.'

धाकटी हसली आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पुढचं तिने पुटपुटत वाचलं. 'नव्या मुलीला पर्जन्यमापक दाखवायचा राहिला. किती दिवस आहेत ते कळले असते तर त्याच आठवड्यात गेले असते. बरी झालीस की जा म्हणाले. आता जिना होत नाही.'

आणि शेवटचा, अक्षर उतरत गेलेलं. 'मी विचारले असते तर तिघेही रडले असते आणि शनिवार बंद झाले असते. म्हणून नाही विचारले. माझीही चूक. पण खोट्या फाशाने नदी ओलांडायची नाही. नावाडिणीची फेक बाकी. खरा फासा कुठे आहे ते यांना ठाऊक असेल.'

केमिस्ट म्हणाला, "एवढा सुबक करायची काय गरज होती रे? बाकी जगात कुणाला जमला नसता, तुलाच जमला."

"पहिला आकडा कुणी खोटा सांगितला?"

"तू बघत होतास ना? वीस पडलेला बघितलास. तोंड होतं तुला."

"काउंटरवर कोण म्हणालं, न कळलेले वर्ष वर्ष काढतात? सोळा शनिवार काढले तिनं. वर्ष म्हणे!"

"मी म्हणालो. म्हणालो मी. आणि तू? जन्मभर नाकानं कांदे सोललेस, माझा एक काटा परत नाही आला, माझा एक काटा परत नाही आला. कुंपणानंच शेत खाल्लं आणि वर मलाच विचारतोस?"

"आवाज खाली कर. माझं घर आहे."

"तिचं पण होतं."

धाकटीने वही मिटली. "भांडा," ती म्हणाली. "छान भांडा. दोघांनी मिळून ठरवलंत, आता दोघांनी मिळून भांडा. माझ्या बहिणीला आपलं मरण फाशावरून कळलं. माणसं तीन होती घरात, आणि सांगितलं कुणी, तर प्लास्टिकच्या तुकड्यानं."

"तुला सांगता आलं असतं," काटेवाला म्हणाला. म्हणायला नको होतं.

"लाथ कुणी घातली?"

"लाथ एकदाच घातली. शनिवार सोळा होते."

ती उठली. पर्स घेतली, चप्पल शोधली. एक पलंगाखाली गेली होती, ती काढायला वाकली आणि तशीच थोडा वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "हो. सोळा होते. ते माझं मी बघेन. पण भावोजी, तुम्ही मला आता फोन करू नका." भावोजी ती सवयीने म्हणाली. पारडं टेबलावर असताना म्हणाली, आणि ते कुणी दुरुस्त केलं नाही.

ती गेल्यावर केमिस्ट नरमला. चष्मा पुसला. "खरा फासा आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग आण. टाकून टाकू. पडेल ते पडेल. बुडाली तर बुडाली. तेवढं तरी तिच्या मनासारखं होऊ दे."

काटेवाला कारखान्यात गेला, तो घराला लागूनच होता. गोळ्यांच्या डब्यातून हिरवा फासा काढला. येताना स्वयंपाकघरातून ग्लासभर पाणी आणि मिठाचा डबाही घेऊन आला. केमिस्ट बघत राहिला. त्याने मीठ घातलं, ढवळलं, आणखी घातलं. फासा तरंगला. बोटाने फिरवून सोडला. चार. पुन्हा. एकोणीस. पुन्हा. अकरा. दहा वेळा सोडला, दहाही वेळा वेगळा.

"झालं ना समाधान? टाक आता," केमिस्ट म्हणाला.

"कुणाच्या हातानं?"

"तुझ्या. नाहीतर माझ्या."

"तू टाकलास आणि मी आत पाणी प्यायला गेलो, आणि तू म्हणालास अठरा पडला. मी मानायचं?"

केमिस्टचा चेहरा उतरला. "इथंच बस. कशाला जातोस पाणी प्यायला?"

"आणि मी टाकला. तुझ्यासमोर. तू धाकटीला जाऊन सांगितलंस की नावाडीण पलीकडे गेली. ती मानेल? तिला वाटेल, या दोघांनी पुन्हा काहीतरी केलं. लिहिणार कोण, सांग ना. लिहिणारी एकच होती या घरात."

केमिस्टने फासा ओल्या हाताने उचलला, पुसला, पारड्यात अलगद ठेवला. आवाज होऊ दिला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "येत्या शनिवारी येऊ?" काटेवाला म्हणाला, "बघू." शाळेपासून त्याने केमिस्टला ये किंवा येऊ नको म्हटलं होतं. बघू पहिल्यांदाच म्हटलं.

केमिस्ट आला नाही. दुकानासमोरून जाताना दोघं एकमेकांना हात करतात, अजूनही. धाकटी दातांच्या दवाखान्यात असते, तिथल्या पाटीखालून जायला लागू नये म्हणून काटेवाला मागच्या गल्लीने जातो. काटे त्याच्याकडे अजून येतात आणि तो ते खरे करून देतो. एक जुना दुकानदार म्हणाला, "तुमच्या हातचा काटा म्हणजे डोळे मिटून." त्याने त्याला सांगितलं, डोळे मिटू नका, आधी वजन टाकून बघा. दुकानदाराला वाटलं, थट्टा आहे.

एकदा तो हवामान कार्यालयात गेला. तिसरा मजला चढला. नव्या मुलीला म्हणाला, पर्जन्यमापक वाचताना डोळा पाण्याच्या बरोबरीला न्या. ती म्हणाली, "हो काका, तसंच वाचते मी. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं. फोनवर खूप वेळ लागला समजायला, पण समजलं." कधी फोन केला होता, त्याने विचारलं. तिने दिवस सांगितला. त्या दिवशी तो कामावर होता. तो जिना उतरला. तिने हे शेऱ्यात लिहिलं नव्हतं. त्याला वाटलं होतं की निदान वहीत तरी तिने सगळं लिहिलं असेल.

शिसं भरलेला फासा त्याने ऐरणीवर ठेवून फोडला. मोहरीएवढा तुकडा निघाला, तो त्याने गोळ्यांच्या डब्यात टाकला नाही, गटारात टाकला. खरा फासा पारड्यात आहे आणि पारडं टेबलावर आहे. वहीत शेवटच्या पानावर तारीख आहे, 'नावाडीण' आहे, आकड्याची जागा रिकामी आहे. डॉक्टरणीला 'मी सांगतो' म्हणाला होता, ते सांगायचं राहिलं. आणि ती फेक अजून टाकायची राहिली आहे.